लाईट न गेलेले दिवस

वेचणी पुन्हा सुरू झाली आहे. काल दिवेलागणीच्या आधी पहिली गाठोडी घरात आली आणि मागच्या खोलीच्या कोपऱ्यात कापसाचा एक बुटका ढीग उभा राहिला. अजून त्याला उंची नाही. मांजर चढून बसेल एवढाच आहे. पण नुसता वास आला आणि माझे दंड खाजायला लागले. कोरडा, किंचित तेलकट, वाळल्या पानांचा चुरा मिसळलेला तो वास. गेल्या वर्षी याच दिवसांत मी त्या खोलीत काम करायला बसत होतो. बसत होतो म्हणणंही खोटं आहे, मी तिथं राहत होतो. माझा लॅपटॉप नवा होता. नव्या वस्तूबरोबर माणूस आधी हौसेनं बसतो, मग तिच्याबरोबर राहायला लागतो आणि घरातल्या माणसांकडं पाहुण्यासारखा येऊन-जाऊन असतो. माझं तसंच झालं होतं, आणि त्याला मी कामात लक्ष लागणं म्हणत होतो.

आमचं घर तलवाड्यात, पेठेच्या मागच्या गल्लीत. पुढं ओटा, मग बैठक, मग स्वयंपाकघर आणि शेवटी ही मागची खोली. पूर्वी तिथं गुळाच्या ढेपा आणि तेलाचे डबे असायचे, कारण पेठेत आमचं किराणा दुकान आहे. दुकान आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते आता माझी बायको सुनंदा चालवते. आप्पांना काट्याचे आकडे दिसेनात. डोळ्यांत काचबिंदू. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून मोकळे झालो असतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आप्पांची नजर कडेकडेनं गेली. समोरचं दिसतं, बाजूचं सगळं काळं.

“नळकांड्यातून बघितल्यावानी दिसतंय,” ते मला म्हणाले होते. “समोर बसलास तर दिसतूस. जरा बाजूला सरकलास की गेलास.”

हे ऐकून आम्ही दोघं पुणं सोडून आलो. आई आधीच गेलेली. त्या नळकांड्याचं तोंड बारीक होत असताना मी पुण्यात बसून काय मोठं करत होतो? आप्पांना माझा चेहरा दिसतो आहे तोवर त्यांच्यासमोर बसायचं, एवढंच मनात घेऊन आलो. कंपनीनं घरून काम करायला हरकत घेतली नाही. मी पाण्याच्या पाईपलाईनींचे नकाशे काढतो. आमच्या नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल ते गल्लीत कुणीही सांगू शकत नाही, आणि मी दूरच्या कुठल्या तरी शहरातल्या उंच इमारतींना पाणी चढवत बसतो. सुनंदा यावर हसते. हसण्यासारखंच आहे ते.

तेव्हा माझा जुना लॅपटॉप होता. जाडजूड, कडा झिजलेला, बॅटरी केव्हाच मेलेली. वायर भिंतीला लावली तर जिवंत, काढली की गेला. त्याचा पंखा असा घरघरायचा की ओट्यावर बसलेल्या आप्पांनाही मी कामाला बसलो ते कळायचं. सकाळी त्याचं बटण दाबलं की तो उठायला भरपूर वेळ घ्यायचा. तेवढ्यात मी पाणी पिऊन, आप्पांच्या डोळ्यांत थेंब घालून, गल्लीत कुणाचं काय चाललंय ते बघून परत यायचो, तरी स्क्रीनवर चाक फिरतच असायचं. मी त्याला शिव्या घालायचो. मेल्याला मरणही येत नाही, म्हणायचो.

आणि लाईट जायची. आमच्याकडं लाईट जाते. कधी सांगून जाते, कधी न सांगता. थंडीच्या दिवसांत दिवसाउजेडी गेली तर घरात कळतसुद्धा नाही. पंखे बंद, दिवे बंद, टीव्ही संध्याकाळीच लागणार, आणि आप्पांचा रेडिओ सेलवर चालतो. दसऱ्यानंतर निम्मी गल्ली ऊसतोडीला गेलेली असते, त्यामुळं ओरडून सांगायलाही कुणी नसतं. कळायचं ते फक्त मला. स्क्रीन काळी व्हायची, घरघर थांबायची आणि अर्ध्यात तोडलेल्या वाक्यासारखा मी खुर्चीत बसलेला असायचो.

मग ओट्यावरून आवाज यायचा. “गेली का?”

“गेली.”

“ये मग.”

त्या ‘ये मग’मध्ये आप्पांना झालेला आनंद ते लपवायचेही नाहीत. मी चिडचिडत बाहेर जायचो. आप्पांची बसायची जागा भिंतीला टेकून, पोत्याच्या घडीवर. मी समोर पायरीवर बसायचो, बरोबर त्यांच्या नळकांड्यात. त्यांचे हात मोकळे नसायचे. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे घेऊन ते पुड्या बांधत राहायचे, रिकाम्याच. दुकान सुटलं होतं, हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. बोलणं म्हणाल तर कशावरूनही कशावर. कुठल्या गिऱ्हाइकाची चाहूल नुसत्या खोकल्यावरून कळायची, निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनी रेशनची साखर कशी वाटली, तलवाड्याच्या बाजारात एकदा कुणाचा रेडा मिठाईच्या पालात शिरला. यातलं निम्मं मी आधी ऐकलेलं असायचं. तरी बसायचो, कारण दुसरीकडं जायला जागाच नसायची. लाईट आमच्या दोघांनाही एकाच खुंटीला बांधून जायची.

एकदा बोलता बोलता ते थांबले. मान पुढं काढून माझ्या तोंडाकडं बघत राहिले, डावीकडून उजवीकडं, हळूहळू, भिंतीवरचा फोटो पुसावा तसे.

“कानापाशी पांढरे झालेत की रे तुझे,” ते म्हणाले. “कवा झाले?”

“झाले हळूहळू.”

“सुनंदाला दिसले का?”

“दिसले आसतील.”

“काय म्हणती?”

“काय म्हणल? तिचेबी झालेत.”

आप्पा त्यावर खूप हसले. लाईट आली तरी मी लगेच उठलो नाही, हे मला चांगलं आठवतं, कारण तसं क्वचितच व्हायचं.

पण पुण्यातली मंडळी किती दिवस समजून घेणार? मीटिंगमध्ये मी बोलता बोलता गायब व्हायचो. कुणी रागावलं नाही, आमच्या साहेबांनी फक्त गोड आवाजात विचारलं, “तुमच्या गावाकडं काही करता येईल का?” गोड आवाज मला कधीच सोसत नाही. दिवाळी झाली आणि मी नवा लॅपटॉप मागवला. गेवराईहून तो खोक्यातून आला तेव्हा आप्पांनी आधी तो मांडीवर मागून घेतला. झाकणावरून तळहात फिरवला. हिवाळ्याच्या सकाळचा तो धातू, चुलीवर न चढलेल्या तव्यासारखा गार.

“ह्यात पंखा कुठं हाय?”

“पंखाच न्हाई ह्याला.”

“मग तापल्यावर काय करतंय?”

“तापतच न्हाई.”

“माणसापेक्षा बरं मग,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी, बाळ परत द्यावं तसा, माझ्याकडं दिला.

काही आठवडे रोज वापरल्यावर वस्तू कशी वाटते, हे लोक मला विचारतात. मी खरं सांगतो: उत्तम. एका बोटानं झाकण उचलावं आणि मी बसायच्या आधी तो जागा. स्क्रीन अशी स्वच्छ की नकाशातल्या बारीक रेघाही डोळे न ताणता दिसाव्यात. बटणं मऊ. बॅटरी सकाळी भरली की दिवेलागणीपर्यंत बघायचं नाही. इंटरनेटच्या डबीलाही मी एक छोटी बॅटरी जोडून टाकली. आता लाईट असली काय, नसली काय, माझं काहीच अडत नव्हतं. साहेब खूश होते. मी खूश असायला हवा होतो. आणि होतो की नाही हे ठरवायला मला उसंतच मिळत नव्हती.

कारण बसायची जागा हरवली होती. जुना लॅपटॉप दावणीला होता आणि त्याच्याबरोबर मीही. नव्याला दावं नाही म्हटल्यावर मी त्याला काखेत मारून घरभर फिरायला लागलो. गच्चीवर नेला तर उन्हात स्क्रीनचा आरसा झाला आणि मला माझंच वैतागलेलं तोंड दिसलं. लिंबाखाली बसलो तर चिमण्यांनी त्याच्यावर आपली सही केली. बैठकीत आप्पांचा रेडिओ. दुकानात जाऊन बसलो तर गिऱ्हाइकं सुनंदाला सोडून माझ्याभोवती जमली. “एवढं मोठं मशीन हाय तर आमच्या पोरीचा निकाल बघा की,” एक बाई म्हणाल्या. परीक्षा अजून व्हायची होती. मी उठलो, बसलो, परत उठलो. पूर्वी मला लाईट उठवायची, आता मला कोण उठवत होतं कोण जाणे. एक काम संपवावं तर दुसरं उघडलेलं दिसायचं. जेवताना ताटाशेजारी झाकण अर्धं उघडं ठेवायचो, फटीतून उजेड दिसत राहायचा. सुनंदानं एकदा त्यावर सरळ पोळ्यांचा डबा ठेवला.

शेवटी मी कापसाच्या खोलीत गेलो. तोवर वेचणी भरात आली होती. बायका दव वाळलं की आमच्या रानात जायच्या, कमरेला ओटी बांधून सऱ्या धरायच्या, आणि संध्याकाळी गाठोडी घरात यायची. भाव बरा येईपर्यंत कापूस घरात ठेवायचा ही इथली रीत. ढीग रोज वाढत होता. सुनंदाची एकच अट होती. “तिथं वायर न्यायची न्हाई. ठिणगी पडली तर घर ऱ्हानार न्हाई.” जुना लॅपटॉप घेऊन तिथं बसताच आलं नसतं. नव्याला वायर नकोच होती. म्हणून बसलो.

कापसासारखी शांतता मी दुसरीकडं कुठं ऐकली नाही. भिंतीला लागून छातीएवढा ढीग असला की खोलीतला आवाज त्यात मुरतो. माझं बोलणंही जवळच्या जवळ विरून जायचं. मीटिंगमध्ये एकानं विचारलं, “नवं ऑफिस घेतलंत का?” मी हो म्हणून टाकलं. फक्त अंगाला खाज सुटायची. घरात साठवलेल्या कापसात काय असतं ते असतं, पण ते मानेवर, कोपरात, पोटऱ्यांवर येतं आणि संध्याकाळपर्यंत माणसाला सुखानं बसू देत नाही. बटणांच्या फटीत तंतू अडकायचे, मी ते टाचणीनं काढायचो. एक हात नकाशावर, एक हात पाठीवर, असं माझं काम चालायचं. सुनंदा म्हणायची, “खाजवता तरी किती! भाईर बसा की.” पण बाहेर बसलं की वाटायचं, आत काहीतरी राहिलं.

त्या दिवसांत आप्पा हाक मारायचे.

“शिवा, हायस का?”

“हाय.”

नव्या लॅपटॉपला घरघर नव्हती, त्यामुळं मी घरात आहे की बाहेर गेलो, त्यांना कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळानं परत, “हायस का?” “हाय, आप्पा.” कशासाठी विचारता म्हटलं तर म्हणायचे, काय न्हाई, उगंच. मला तो ‘उगंच’ बोचायचा. मी चिडून उत्तर द्यायचो असं नाही, पण माझा ‘हाय’ दिवसागणिक आखूड होत गेला. मग एकदा मीटिंगमध्ये माझा माईक चालू असताना ती हाक अख्ख्या पुण्यानं ऐकली. कुणीतरी हसलं, वाईट नव्हतं ते हसणं. मी उठून दार लावलं, आणि ते तेव्हापासून लावलेलंच राहिलं. आप्पांच्या हाका कधी थांबल्या ते मला सांगता येणार नाही. कापसात मुरत होत्या की येतच नव्हत्या, तेही नाही.

सकाळी मात्र दार उघडं असायचं, कारण आप्पांची पूजा बैठकीत चालायची आणि तेवढा वेळ ते हाक मारायचे नाहीत. अंघोळ झाली की ते गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतात, हात डोळ्यांसमोर धरतात आणि त्याच्याकडं बघत बसतात. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं. हातावरचं लिंग बरोबर त्यांच्या नजरेच्या नळकांड्यात येतं. बाकी घर दिसत नसलं तरी त्या वेळी त्यांना काही कमी दिसत असेल असं वाटत नाही. मीही सकाळपासून एका चौकोनाकडंच बघत असतो. फरक एवढाच, की माझा गुडघा सारखा हलत असतो, त्यांचा हलत नाही.

पौषात आम्ही चकलांब्याला गेलो, सुनंदाच्या माहेरी, हुरड्याला. आगटी पेटलेली, ज्वारीची कणसं भाजलेली, हातावर चोळून फुंकर मारून पुढं केलेला तो हिरवा गरम हुरडा. आप्पांना बांधावर घोंगडी टाकून बसवलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो, समोर नाही. मांडीवर लॅपटॉप. धूर स्क्रीनवर यायचा, मी बाहीनं पुसायचो.

“दाजी,” माझा मेहुणा म्हणाला, “हुरडा गार व्हायलाय. त्याला बी एक घास द्या, कधीचा टकमक बघायलाय तुमच्याकडं.”

सगळे हसले. मीही हसलो आणि झाकण मिटलं. मिटलं आणि हात रिकामे झाले, तर ते कुठं ठेवावेत ते समजेना. आप्पा सगळ्यांबरोबर हसत होते, पण ते मी होतो त्याच्या दुसऱ्याच बाजूला तोंड करून.

आणि मग तो बीरूभाऊ आलेला दिवस. बीरूभाऊ धनगर, त्यांची मेंढरं वेचणी सरलेल्या कापसाच्या पऱ्हाटीत आमच्याकडं चरायला बसतात. रानात लाईट नाही म्हणून ते आपला मोबाईल आमच्या बैठकीत चार्जिंगला लावायला येतात. दुपारची वेळ होती. मी पाण्यासाठी स्वयंपाकघरात आलो होतो, तांब्या हातात, आणि बैठकीतलं बोलणं ऐकू आलं.

“आप्पा, फोन लावू का जरा?”

“लाव की. आता कवाबी ये. आपल्याकडं लाईट जातच न्हाई आता.”

“आँ?”

“व्हय की. दिवाळीपसनं एकदाबी गेली न्हाई. लई सुधारलंय काम.”

“कुणी सांगितलं तुमाला? सकाळधरनं कुठं हाय लाईट?”

“हाय बे,” आप्पा म्हणाले. “शिवा आत काम करायलाय. लाईट गेली आस्ती तर भाईर आला आस्ता तो.”

बीरूभाऊंनी भिंतीवरचं बटण खाली-वर केलं. खट, खट, खट. काहीच लागलं नाही.

“हे बघा. रोज जाती, आप्पा. काल तर दिवसभर नव्हती.”

“आसं व्हय,” आप्पा म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, “आसं व्हय.”

बीरूभाऊंना मी दारात दिसलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पागोट्याखाली बोट घालून डोकं खाजवलं आणि म्हणाले, “पाणी दे बाबा जरा.” मी तांब्या तसाच त्यांच्या हातात दिला. आप्पा समोर बघत होते. मी त्यांच्या समोर नव्हतो.

मला वाईट वाटायला हवं होतं. आधी राग आला. आप्पांचा राग आला. एवढा माणूस, सगळी पेठ ज्याला फसवू शकली नाही, तो इतक्या साध्या गोष्टीवर विश्वास ठेवून बसतो? मग लॅपटॉपचा राग आला, जणू त्यानंच हे ठरवून केलं. आत गेलो, तर मीटिंगची घंटी वाजत होती. मी बोललो, नकाशा दाखवला, कुठल्या तरी इमारतीच्या टाकीची उंची वाढवली. पाठ इतकी खाजत होती की भिंतीला घासून घेतली. मला एकाच वेळी बाहेर पळत जावंसं वाटत होतं आणि बाहेर तोंड दाखवू नये असंही वाटत होतं. त्या दोन्हींच्या मध्ये ती दुपार गेली.

आता त्या लॅपटॉपला वर्ष झालं. झाकणावर ओरखडे आहेत, एका बटणावरचं अक्षर पुसलं गेलं आहे. बॅटरी पूर्वीसारखी टिकत नाही, आणि मी तिची तक्रार कुणाकडं केलेली नाही. सुनंदा म्हणते, दुरुस्त करून घ्या. मी म्हणतो, बघू. नव्या वस्तूचं नवेपण संपलं की ती आपल्या मापाची होते, असं मला वाटतं; की आपणच तिच्या मापाचे झालेलो असतो, कुणास ठाऊक. कधी कधी काम करता करता मी मुद्दामच उठून येतो आणि ओट्यावर उभा राहतो, आणि तेव्हाही बोटं मांडीवर टकटक करत असतात. ही चुळबुळ माझ्यात आधीपासून होती की लॅपटॉपबरोबर आली, हे शोधण्यात अर्थ नाही. असलेली चुळबुळ घेऊनच माणसाला दुसऱ्यासमोर बसावं लागतं.

बीरूभाऊ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तसा बसायला गेलो होतो. भर दुपारी, लाईट असताना, लॅपटॉप मिटवून. पायरीवर, बरोबर समोर. आप्पांनी मान थोडी हलवून मला नजरेत धरलं.

“लाईट गेली का?”

“न्हाई. आसंच आलो.”

“आसं.”

पूर्वी लाईट गेल्यावर बसायचो तेव्हा दोघांनाही दुसरा इलाज नसायचा. बोलणं आपोआप यायचं. आता मी कामातून वेळ काढून आलो होतो आणि ते दोघांनाही कळत होतं. मी म्हणालो, “बोला की.” ते म्हणाले, “काय बोलू?” मी रेड्याची आठवण काढली. त्यांनी ती दोन वाक्यांत संपवली. माझं लक्ष आतल्या दाराकडं गेलं. गेलं म्हणजे मी नेलं नाही, गेलं.

“पाय हलवू नको,” आप्पा म्हणाले. “फरशी हलती.”

मी पाय थांबवला. थोड्या वेळानं तो पुन्हा हलायला लागला.

“तू पुण्याला व्हतास तवा बरं व्हतं,” ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यांच्या आवाजात, यंदा तुरी बऱ्या आल्यात असं म्हणावं तसं म्हणाले. “रोज सांजच्याला फोन करायचास. लई बोलायचास. मी म्हणायचो पुरं कर आता, तरी बोलायचास.”

“आता हितंच हाय की मी.”

“हायस की,” आप्पा म्हणाले. “जा आत. काम आसंल.”

मी गेलो. दार लावलं नाही. कापसाच्या ढिगाला टेकून खाली बसलो, स्टुलावर नाही. रागही नव्हता आता, नुसतं रडू येईल असं वाटत होतं आणि येत नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली होती. दुकान बंद करून सुनंदा अजून यायची होती. लॅपटॉप पलीकडं मिटलेला. मी खिशातून फोन काढला आणि आप्पांचा नंबर लावला. पुढं ओट्यावर त्यांचा बटणांचा फोन वाजला, तो मला दोन ठिकाणी ऐकू आला, कानातही आणि घरातही.

“हां, शिवा. बोल,” आप्पा म्हणाले. आवाज एकदम मोकळा, लांबच्या माणसाशी बोलताना करतात तसा मोठा. “जेवलास का?”

“न्हाई अजून. तुमी?”

“सुनंदा आली की जेवू. तिकडं थंडी हाय का?”

मी आजूबाजूच्या कापसाकडं पाहिलं. “न्हाई. हितं ऊब हाय.”

“हितं लई हाय. बीरूचं कुत्रं व्यालंय, पिल्लं कुडकुडायलीत म्हणं.” मग बीरूभाऊंच्या कुत्रीचं झालं, पेठेतल्या नव्या दुकानाचं झालं, पायरीवर मघाशी सापडली नव्हती ती सगळी वाक्यं सापडली. मी बोलत होतो. माझा पाय हलत नव्हता हे मला मधेच लक्षात आलं. मग त्यांनी आवाज बारीक केला.

“तुला एक सांगायचं व्हतं. सुनंदाला बोलू नको, ती घाबरती.”

“बोला.”

“डाव्या डोळ्यानं आता काईच दिसत न्हाई. पूजेला बसल्यावर कळलं. उजवा मिटून बघितलं, तर हातावर वजन हाय आन् लिंग न्हाई.”

“कधीपसनं?”

“झाले की लई दिस.”

“मग सांगितलं कावून न्हाई, आप्पा?”

“फोन कुठं आलता तुझा?” ते म्हणाले.

ओट्यापुढून सायकल गेल्याचा आवाज फोनमधून आला आणि दारातूनही आला.

“आजून उजवा हाय,” आप्पा म्हणाले. “त्याचं काय खरं न्हाई, पण हाय. कवा येतूस?”

पुण्यात होतो तेव्हा प्रत्येक फोनच्या शेवटी ते हेच विचारायचे, आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं: बघतो, सुट्टी मिळाली की. ते सवयीनं विचारत होते की जाणून, मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडसही झालेलं नाही.

“निघालो,” मी म्हणालो.

“सावकाश ये,” आप्पा म्हणाले. “मी बसलोय.”